प्रत्येक डागाला कारण

खिडकीखाली पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर आईच्या जुन्या वॉयल साडीचा तुकडा ताणून धरलेले वडिलांचे हात, आणि त्या तुकड्यातून अगदी सावकाश, बघणाऱ्याने श्वास रोखावा इतक्या सावकाश, खाली झरणारा गंज... लहानपण म्हटलं की मला हेच आधी दिसतं. ओल्या लोखंडाचा तो वास जिभेवरसुद्धा जाणवायचा. लोक गंज घालवायला धडपडतात. आमच्या घरात तो डबीत भरून, झाकण घट्ट लावून जपला जायचा.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाचा साचा करायचा तर आधी त्या वस्तूची लाकडात हुबेहूब प्रतिकृती लागते. ती ते घडवायचे, आणि केसाएवढा फरक राहिला तरी अख्खा पॅटर्न बाजूला टाकून नव्याने सुरुवात करायचे. अशा माणसाने दोन वर्षं सुट्टीचे दिवस खर्चून, तेलाच्या डब्याचा पत्रा, सागवानाचे उरलेसुरले तुकडे आणि रिव्हेट म्हणून ठोकलेल्या टाचण्यांची डोकी, एवढ्यावर हातभर लांबीचं वाफेचं इंजिन केलं होतं. ते त्यांच्या थोरल्या भावासाठी होतं, म्हणजे आमच्या तात्यांसाठी. तात्या मिरजेच्या शेडमध्ये ड्रायव्हर होते. कोळशाची इंजिनं बंद झाली, तसे तेही निवृत्त होऊन नेसरीला शेतावर राहायला गेले. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं जग मिटत चाललेलं... उरलेली नजर किती महिने टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. अण्णांनी हे घरात एकदाच सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे घाई मुक्कामाला आली.

पाडव्याला तात्या आले तेव्हा इंजिन काळंभोर, तुकतुकीत, नुकतं रंगवलेलं होतं. त्यांनी ते डोळ्यांसमोरून हळूहळू सरकवत शेंड्यापासून बुडापर्यंत पाहिलं.

"देखणी हाय की," ते म्हणाले. "पर ही माजी गाडी न्हाय, मारुती. माजी अशी कदी नव्हती."

अण्णांचा चेहरा उतरला, पण त्यांनी वाद घातला नाही. कागद-पेन्सिल घेऊन ते तात्यांपुढे बसले आणि तात्या सांगत गेले. शिट्टीखाली जड पाण्याचा पांढरा ओघळ. टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या डाव्या अंगाला, पाणी भरताना सांडायचं तिथे चुनखडीचा पट्टा. रिव्हेटच्या डोक्यापासून खाली उतरलेला गंज. आणि ड्रायव्हरच्या खिडकीच्या काठावर, जिथे त्यांचं कोपर वर्षानुवर्षं टेकलं, तिथे रंग उडून चकाकणारा पत्रा. मी मध्येच विचारलं, की घाण करायचीच तर इतकं विचारून कशाला करायची? तेव्हा तात्यांनी माझ्या आवाजाच्या रोखाने मान वळवली. "डाग उगंच मारायचा नसतो, पोरी. परत्येक डागाला कारण लागतंय."

त्यानंतरचे सहा महिने आमचं घर त्या कारणांत बुडालं होतं. दिव्यावर धरलेल्या वाटीची काजळी, पानाचा चुना, खिडकीच्या काठावरच्या चकाकीसाठी पेन्सिलीच्या शिशाची पूड, फाउंड्रीमागच्या भंगारातून खरवडून आणलेला गंज — सगळं गाळून, घोटून, मांजराच्या केसांएवढ्या कुंचल्याने अण्णा थर देत होते. एक रविवार फक्त शिट्टीखालच्या ओघळात गेला. दसऱ्याला तात्या यायचे होते आणि त्याआधी इंजिन तयार झालं. वरून पक्कं करणारा लॅकरचा हात तेवढा अण्णांनी राखून ठेवला होता. तात्यांनी एखादा डाग बदलायला सांगितला, तर बदलता यायला हवा होता.

आणि आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. घरातलं लोखंड म्हणून जे काही असेल — रंधा, पटाशी, विळी, अडकित्ता, अण्णांची सायकल — ते घासूनपुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचं. अण्णा फाउंड्रीतल्या पूजेला गेलेले, आई नैवेद्याला जुंपलेली, आणि हत्यारं धुण्याचं काम दहा वर्षांच्या माझ्याकडे. मी सगळं धुतलं. मग कोनाड्यातलं इंजिन काढलं. उद्या तात्या येणार, आणि हेच एक मळकं राहिलं तर कसं दिसेल, असं मला वाटलं... खरंच वाटलं. तात्यांचे शब्द मी ऐकले होते, तरी सणाच्या दिवशी लोखंड मळकं ठेवायचं नसतं हे त्याहून आधीपासून अंगात मुरलेलं होतं. नारळाच्या काथ्याने, साबणाच्या पाण्याने मी ते कोपऱ्याकोपऱ्यातून घासलं. मोरीतून काळं-तांबडं पाणी वाहत गेलं. मग इंजिनाच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि कौतुकाची वाट बघत बसले.

दिवेलागणीला अण्णा आले. पाटाकडे लक्ष गेलं आणि ते चपलांसकट तिथेच खाली बसले. त्यांनी बॉयलरवरून बोट फिरवलं, उजेडात धरलं. बोट स्वच्छ होतं.

"कुणी धुतली?"

"मी," म्हटलं, आणि तोवर मला सगळं कळलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी सुटले असते. त्या संध्याकाळी नैवेद्याच्या पुरणपोळ्या पानांत तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सोनं दिलं, इंजिन दारातल्या उजेडात नेलं. मी दाराआड उभी होते.

"धुतलीस व्हय रं?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "खंडेनवमी हुती न्हवं. मीच धुतली."

तात्या हसले. "आमीबी शेडात धूत हुतो. एक दिवस नवरीगत दिसायची." मग इंजिन परत देत म्हणाले, "काळी झाली की सांग. तवा येतो."

पण दिवाळीनंतर फाउंड्रीत डबल पाळ्या लागल्या, गंजाची डबी खिडकीत तशीच राहिली, आणि एका सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर नेसरीहून निरोप आला, की तात्यांना आता काहीच दिसत नाही. आम्ही निघालो तेव्हा अण्णांनी ते लख्ख इंजिन टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतलं. एसटीत ते माझ्या मांडीवर होतं. ते कशासाठी नेतोय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

नेसरीच्या घरी सोप्यावर ऊन आलेलं, तात्या तिथेच बसले होते. अण्णांनी इंजिन तात्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काळी केलीस?"

"केली."

"शिट्टीखालचा ओघळ?"

"हाय."

"टेंडरला पाणी सांडल्यालं?"

"हाय. डाव्या अंगाला."

"आन खिडकीला? कोपराचं?"

"हाय, तात्या. रंग उडालाय तितं."

बॉयलरवर ऊन पडलं होतं आणि त्यात मला माझा चेहरा दिसत होता. तात्यांचा अंगठा चाचपत खिडकीच्या गुळगुळीत काठावर जाऊन थांबला. "मग ही माजी," ते म्हणाले. केसाएवढा फरक खपवून न घेणारे अण्णा अंगणातल्या पेरूकडे बघत राहिले. त्यांना हे खोटं माझ्यामुळे बोलावं लागलं, ही लाज मी कितीतरी वर्षं कुणालाच न सांगता वागवली.

इंजिन तात्यांकडेच राहिलं. ते गेले तेव्हा मी नोकरीला लागले होते. काकूंनी ते त्याच टॉवेलात बांधून परत पाठवलं आणि म्हाताऱ्या अण्णांनी ते खिडकीत नेऊन उलगडलं. माझ्या काथ्याने जिथे रंग खरवडला होता, टाचण्यांच्या डोक्यांखाली जिथे पाणी साचून राहिलं होतं, तिथून खरा गंज फुटला होता. पाणी उतरावं तसा बारीक रेघांनी खाली उतरलेला. आणि ड्रायव्हरच्या खिडकीचा काठ... रोज तिथे फिरलेल्या अंगठ्याने रंग पार गेला होता, आतला पत्रा चकाकत होता. अण्णांनी बॉयलरवरून बोट फिरवलं. बोटाला तांबूस लागलं. मग तेच बोट ड्रायव्हरच्या खिडकीच्या काठावर टेकवलं.

"हाय," ते म्हणाले.

आता अण्णाही नाहीत. इंजिन माझ्या टेबलावर असतं. गंजाची, काजळीची तयार पूड आता बाटल्यांतून घरपोच येते. मी ती मागवते, लोकांची छोटी इंजिनं हौसेने मळवून देते. अण्णांच्या इंजिनाला मात्र कुंचला लावत नाही. लॅकरचा राहिलेला हातही दिलेला नाही. दर पावसाळ्यात तो गंज थोडासा पुढे सरकतो, आणि मी सरकू देते.