नववीचं सायन्स आणि अप्पा

आमच्या घरात पाठ नसणं म्हणजे कमीपणा. कन्नड मुलखात, चामराजपुरममधलं आमचं मराठी शिंप्यांचं घर. तिथे एकादशीच्या भजनाला पुस्तक घेऊन बसणाऱ्याकडे सगळे जरा कीव केल्यासारखं बघत. अर्थ कुणी विचारत नसे, ओळ चुकली तर मात्र मांडीवर चापट बसे. अशा घरातली मी सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकले आणि आठवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन पडले. काही कळेना, तेव्हा ठाऊक होता तो एकच उपाय केला. सायन्सचे धडेच्या धडे पाठ केले.

अप्पा खूश. ब्लाउजना हुक लावता लावता ते माझा पाठ ऐकत. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण मी अडखळले की मान वर न करता म्हणत, "मागनं घे." मी मागून घेई. तरी नववीच्या सहामाहीत सायन्समध्ये सपशेल नापास झाले. प्रश्न जरा फिरवून विचारला की माझ्या धड्याचं टोकच मला सापडत नसे. अप्पा ओरडले नाहीत. "वर्षाच्या परीक्षेत पण आसंच जालं तर शाळा पुरे. दुकानात बैस," एवढंच म्हणाले. मला दुकान नको होतं, शाळाच हवी होती. आणि शाळेत मी ठार ढ. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

सायन्सच्या मिसनी आई-अप्पांना बोलावून घेतलं. दोघं देवळात शिरावं तसे चपला बाहेर काढून स्टाफरूममध्ये गेले. मिसनी मला धडा म्हणायला लावला. मी घडाघडा म्हटला, अप्पांचा चेहरा खुलला. मग मिस कन्नडमध्ये म्हणाल्या, "आता यातलं काय कळलं ते यांना तुमच्या भाषेत सांग." मी धड्याची पहिली ओळच पुन्हा इंग्रजीत म्हणायला लागले. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मला रडूच कोसळलं.

मिस रागावल्या नाहीत. शाळा सुटल्यावर मी हिला थोडं थोडं समजावते, म्हणाल्या. तुम्ही घरी पाठ घेऊ नका. तुम्हाला कळेपर्यंत हिला सांगायला लावा.

अप्पांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं.

"झाड उन्हात आपला सैपाक करतंय," मी सांगे.

"मंजे काय?"

"मंजे पानात अन्न तयार होतंय."

"सुम्मे उगंच काय तर सांगू नको. सामान कुठलं?"

"पाणी मुळातनं, हवा पानातनं."

"मग रात्री ऊन नाही, तवा काय करतंय?" हे आतून आई.

 मग दुसऱ्या दिवशी मिसना विचारावं लागे. तोवर वर्गात प्रश्न विचारायची मला कधी गरजच वाटली नव्हती. पण उत्तराशिवाय घरी जायची सोय राहिली नाही. कधी कधी माझं डोकं फिरे. "तुमाला कळत नाही अप्पा, सोडा की."

"कळत नाही म्हणूनच इचारतोय न्हवं, अल्वा?" ते शांतपणे म्हणत आणि सुईत दोरा ओवत.

चिडचिड करत का होईना, मी सांगत गेले. सांगता सांगता कुठे अडतंय ते मलाच दिसायला लागलं. पण परीक्षेचा पेपर अवघड गेला. निकालापर्यंत मी अप्पांच्या समोर बसायचं टाळलं.

निकालाच्या दिवशी मिसनी मार्क्स कार्ड हातात दिलं. सायन्समध्ये काठावर पास. मी वळणार तोच त्या म्हणाल्या, "तुझे अप्पा पेपर झाले त्या संध्याकाळीच येऊन गेले. नापास झाली तरी शाळेतनं काढत नाही, याच वर्गात परत बसवा, म्हणून सांगून गेले."

त्या संध्याकाळी एकही पेपर तपासलेला नव्हता. मी कार्ड धरून तिथेच हमसून हमसून रडले. वर्गातल्या मुलींना वाटलं, मी नापास झाले.