फोनवरचा रामकृष्ण हरी

मिनलला भाऊजींच्या गाडीची किल्ली कशाला लागते, हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या धाकट्या जावेने, मोनिकाने विचारला. तोही माझ्या स्वयंपाकघरात, मी एकादशीचा साबुदाणा भिजवत होते तेव्हा.

"ताई, दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती किल्ली घेते, गाडीत जाऊन बसते, काचा वर करते आणि एकटीच बोलत राहते. वॉचमनने बघितलंय."

"फोनवर बोलत असेल गं."

"फोन कानाला नाही लावत. तोंडासमोर धरते, आरसा धरल्यासारखा. आणि हसते!"

भाऊजी म्हणजे माझे दीर नवनाथ, मोनिकाचे यजमान. तळवड्याला आमचा लहानसा कारखाना आहे. चाकणच्या मोठ्या कंपन्यांत माल ज्या पट्ट्यांवरून पुढे सरकतो, त्या पट्ट्यांखालचे रोलर आम्ही बनवतो आणि बिघडले की जाऊन दुरुस्तही करतो. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही, भाऊजींना आवडायचं नाही. आमचे हे नोकरीत, म्हणून कारखान्याचं सगळं भाऊजींच्या हाती. मिनल तिथे ऑफिसात बसते. फोन घेणं, बिघाडाची तक्रार आली की कारागीर पाठवणं, हे तिचं काम.

कारखाना काढला माझ्या सासऱ्यांनी, चिखलीची जमीन गेल्यावर. मामंजी फोन उचलला की आधी "रामकृष्ण हरी" म्हणायचे, मग कारखान्याचं नाव. आळंदी हाकेवर असलेल्या आमच्या गावांत हीच रीत. नुसतं "हॅलो" म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. मामंजी गेले, पण ऑफिसात जो बसेल त्याने रामकृष्ण हरी म्हणूनच बोलायचं, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि कधी चुकलंही नाही.

मिनल पिंपरीची, बौद्धांची पोर. तिचे वडील कोंडीराम एका कंपनीत रंगकामाच्या खात्यात होते. त्या रंगानेच त्यांची छाती धरली, असं ती म्हणते. बारावीनंतर ती कुठे कुठे बसली, दवाखान्यात, कुरियरच्या ऑफिसात, आणि मग आमच्याकडे आली. घरातून निघताना जयभीम आणि ऑफिसात पाऊल टाकलं की रामकृष्ण हरी. दोन्ही सारख्याच सहजपणे. मी एकदा प्रसाद द्यायला गेले होते. पलीकडचा माणूस फोनवर एवढा ओरडत होता की मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होतं, "लाइन बंद पडलीय, साहेब माझ्या डोक्यावर उभा आहे!" आणि ही शांतपणे विचारत होती, "रामकृष्ण हरी दादा, रोलर फिरतच नाही का फिरताना आवाज करतोय?" दोन मिनिटांत तो माणूस तिला ताई म्हणायला लागला.

तर त्या गाडीचं. मी सरळ मिनललाच विचारलं. ती हसली नाही, लाजलीही नाही.

"काकू, सरांनी नवीन फोन घेतलाय ना. तो आपोआप उचलतो. स्वागत करतो, मग विक्रीसाठी एक दाबा, बिघाडासाठी दोन दाबा. ते सगळं माझ्या आवाजात भरायचंय. ऑफिसात बाहेरच्या प्रेस मशीनचा धडाका, भिंतीसुद्धा हलतात. गाडीच्या काचा वर केल्या की आवाज स्वच्छ येतो."

"आणि हसतेस कशाला?"

"हसून बोललं की आवाजात उतरतं. करून बघा."

मी घरी येऊन देवासमोर करून बघितलं. खरंच उतरतं. मोनिकाला सांगितलं तर म्हणाली, "असेल. पण दुसऱ्याच्या नवऱ्याच्या गाडीची किल्ली मागायची सवय वाईट." एवढ्यावर ते मिटायला हवं होतं.

त्या फोनची गोष्ट अशी. सुजित नावाचा एक मुलगा तो बसवून गेला. त्याच्याकडे आधीच भरलेला एका बाईचा आवाज होता, पण भाऊजींनी तो ऐकून हात झटकले. "ही बाई विमानातली वाटते. आपलं गिऱ्हाईक घाबरून फोन ठेवेल. मिनल, तूच बोल." मग मिनलने बसून वाक्यं लिहिली. स्वागताचं एक, जेवणाच्या सुट्टीचं एक, सगळे कामात असले तर एक, आणि गुरुवारचं एक, कारण आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. प्रत्येक वाक्य ती चार-पाचदा बोलायची, ऐकायची, पुसायची, पुन्हा बोलायची. मग कॉम्प्युटरवरून फोनच्या खात्यात टाकायची. त्या खात्याचा पासवर्ड तिच्याकडेच होता. भाऊजींनीच दिला होता, पण पुढे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

नवा फोन सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सोनबा आबांनी भाऊजींना घरी गाठलं. आबा मामंजींचे चुलतभाऊ. भजनात पखवाज वाजवतात.

"आरं नवनाथ, तुज्या बापाच्या फोनवर आधी हरी ऐकू यायचा. आता डायरेक बाई म्हनती स्वागत हाय, एक दाबा. मशिनीनं हरी गिळला व्हय रं?"

आम्ही सगळे हसलो. भाऊजींनी तिथेच फोन लावून बघितला. घंटी वाजली, आणि एकदम कारखान्याचं नाव, आपलं स्वागत आहे. रामकृष्ण हरी नाही. भाऊजींचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिनलला विचारलं. ती म्हणाली, "भरलंय सर, हे बघा." कॉम्प्युटरवर लावलं. स्पष्ट रामकृष्ण हरी, मग नाव, मग स्वागत. भाऊजींनी खिशातला मोबाइल काढून तिच्या समोर कारखान्याचा नंबर फिरवला. रामकृष्ण हरी नाही.

"म्हणजे आम्हाला ऐकवायला एक आणि गिऱ्हाइकाला एक?"

"सर, फाईल एकच आहे."

"मग हरी कुठे गेला?"

तिने पुन्हा भरलं. पुन्हा कॉम्प्युटरवर होतं, फोनवर नव्हतं. तिसऱ्यांदा भरलं, तरी तेच. जेवायला घरी आल्यावर भाऊजींनी माझ्यासमोरच सुजितला फोन लावून विचारलं, "मॅडम तिथे काय टाकतात?" तो घाईत होता. "आमच्याकडून काही नाही सर, मॅडम जे टाकतात तेच वाजतं." झालं. त्या एका वाक्याने सगळ्यांना हवं ते मिळालं.

संध्याकाळी मोनिका माझ्याकडे आली ती आवाज खाली करूनच. "ताई, मला आधीपासून वाटत होतं. त्यांच्यात नाही म्हणत ना..." पुढचं वाक्य तिने डोळ्यांनी पुरं केलं.

"अगं, इतकी वर्षं म्हणतच होती की."

"तेव्हा समोर आपण असायचो. आता पासवर्ड तिच्या हातात."

मी तिला गप्प केलं नाही. डोळ्यांना दिसत होतं की जे आम्हाला ऐकवलं जातं ते लोकांना ऐकू येत नाही. यात लबाडी नाही तर काय? त्या दिवसापासून मिनलचं सगळंच संशयाचं झालं. ती डबा एकटी का खाते? भावकीतल्या लग्नाला का आली नाही? मिनलला एवढी वर्षं कुणी जातीने मोजलं नव्हतं. आता "त्यांच्यात" हा शब्द आमच्या घरात चहाच्या कपासारखा रोज फिरायला लागला.

भाऊजींनी तिला सांगून टाकलं, "या महिन्यापुरतं बघ. पुढे दुसरीकडे सोय कर."

मी गुरुवारी आळंदीला दर्शनाला गेले होते. परतीच्या बसच्या थांब्यावर मिनल भेटली. कुठल्याशा ऑफिसात विचारायला गेली होती. मला बघून तिने ओढणी सावरली, पण तोंड फिरवलं नाही.

"काकू, नोकरीचं काही नाही. मिळेल. पण तिथल्या माणसाने विचारलं, आधीची का सुटली? आणि त्याला आधीच माहीत होतं. म्हणाला, तुम्हीच का त्या, देवाचं नाव काढून टाकणाऱ्या? तळवड्यापासून चाकणपर्यंत सगळे एकमेकांना माल देतात काकू. हे माझ्या नावाला चिकटलं तर मला फोनजवळ कोण बसवेल?"

"तू काढलं नाहीस?" मी विचारलं. थांब्यावर, माणसांत, सरळ विचारलं.

"इतकी वर्षं तोंडाने म्हटलं त्याची कुणी नोंद घेतली नाही." ती एवढंच बोलली. ना हो, ना नाही. तिची बस आली, ती गेली. सरळ उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. संशय वाढलाच थोडा.

शनिवारी भाऊजी घरी आले. "वहिनी, नवी मुलगी येईपर्यंत तुम्ही भरा. घरचा आवाज. तुमच्या तोंडी रामकृष्ण हरी शोभतंच." मी लगेच हो म्हटलं. माझ्या मनात एक होतं. माझ्या आवाजात भरलं, माझ्या डोळ्यांसमोर टाकलं, की मिनल काय करत होती ते आपोआप उघडं पडेल.

सोमवारी मी अंघोळ करून, माळ ओढून कारखान्यात गेले. मोनिकाही आली, बघायला. भाऊजींच्या गाडीत पुढे मी, शेजारी मिनल, मागे मोनिका, काचा वर. उकडून जीव जात होता. मिनल मला शिकवत होती, "फोन वीतभर लांब धरा काकू. कागदाकडे नाही, समोर कुणी उभं आहे असं बोला." मी तिच्या हातांवर नजर ठेवून होते. काहीतरी दाबेल, काहीतरी पुसेल. तिने काहीच केलं नाही. मी देवळात म्हणतात तसं सावकाश म्हटलं, रामकृष्ण हरी, मग नाव, मग स्वागत. ऐकलं. सगळं होतं.

ऑफिसात येऊन मिनल खुर्चीवरून उठली. "तुम्ही बसा काकू. मी हात लावत नाही. मी सांगते तिथे तुम्हीच दाबा." ती भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी राहिली. मी दाबत गेले. मोनिका माझ्या खांद्यावरून बघत होती. भाऊजींनी मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

घंटी वाजली. मग माझाच आवाज आला.

"...री." मग कारखान्याचं नाव, "आपलं स्वागत आहे" आणि पुढचं सगळं.

भाऊजींनी पुन्हा लावला. "...री." मी सावकाश म्हटलं होतं म्हणून तेवढं शेपूट उरलं होतं. मिनल भरभर बोलते, तिचं तेवढंही उरत नव्हतं.

"ताई कशाला काढतील?" मोनिका म्हणाली. स्वतःशीच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. मिनलने तिच्याकडे बघितलंही नाही.

भाऊजींनी पुन्हा सुजितला फोन लावला. या वेळी आवाज चढवून. पलीकडून तो म्हणाला, "हां हां सर, कधीकधी लाइन जुळायच्या आत आवाज सुरू होतो, सुरुवातीचं कट होतं. आधी थोडी रिकामी जागा सोडून भरायचं. सांगायचं राहिलं का?"

"मागच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही सर. तुम्ही विचारलं मॅडम काय टाकतात."

खरंच तसंच विचारलं होतं. मला आठवलं, भाऊजींनाही आठवलं असणार, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर प्रेस धडधडत होती. मग ते मोठ्या आवाजात, काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, "चला, सापडलं एकदाचं! मिनल, आता तूच भर परत, जागा सोडून. ते महिन्याचं वगैरे मी बोललो होतो, ते सोड."

"काम करते सर. पण स्वागत काकूंच्याच आवाजात राहू द्या."

"अगं, गिऱ्हाइकाला तुझ्या आवाजाची सवय आहे."

"उद्या परत काही कट झालं तर काकूंना कुणी काही विचारणार नाही. मला विचारतील."

भाऊजी म्हणाले, "तसं काही नाही गं." मोनिका म्हणाली, "मनाला नको लावून घेऊस." मिनल हो म्हणाली आणि बिघाडाचा एक फोन वाजत होता तो घ्यायला वळली. "रामकृष्ण हरी, बोला दादा."

मी त्याच दिवशी पुन्हा गाडीत बसून भरलं. बोलण्याआधी एक श्वास गप्प राहिले. आता सोनबा आबांना पूर्ण ऐकू येतं, ते म्हणतात हरी परत आला. भाऊजींनी चाकणच्या दोन-तीन जणांना मुद्दाम फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. मीच सांगायला लावलं. त्यांतले एक म्हणाले, "असेल बुवा." तेवढंच.

मिनल आहे आमच्याकडेच. कारखान्याचा नंबर लावला की आधी मी बोलते, मग एक दाबा, दोन दाबा हे ती बोलते. मात्र भाऊजींकडे गाडीची किल्ली ती आता मागत नाही. काही नवीन भरायचं असलं की मला फोन येतो, "काकू, दिवाळीच्या सुट्टीचं भरायचंय, उद्या येता का?" मी म्हणते, "अगं, तू भर की, मी कशाला?" ती म्हणते, "तुम्ही असलेल्या बऱ्या."

मी जाते. किल्ली मी मागून घेते, काचा ती वर करते. ती बोलते तोवर मी शेजारी बसते. भरलेलं टाकताना मी बघते आहे ना, हे ती वळून बघते. मग माझ्याच मोबाइलवरून नंबर फिरवायला लावते, पूर्ण ऐकते, आणि विचारते, "सगळं आलं ना काकू? तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं गं बाई," मी म्हणते.

"मग सरांना तसं सांगा," ती म्हणते, आणि काच खाली करते.