रिकाम्या प्लॉटची राखण

वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. भाड्याच्या दोन खोल्यांत सगळी उमर काढून त्यांनी विजापूर रोडच्या पलीकडे एक लहानसा प्लॉट घेतला आणि घर बांधायच्या आधीच गेले. मागं आई आणि मी, दोघीच. मी बँकेत नोकरीला. बांधकाम काही आमच्याच्यानं झालं नाही, पण प्लॉट विकायचा विषय आई काढू द्यायची नाही.

घेतला तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती. मग एकेक घर उठत गेलं आणि मध्ये आमचीच जागा रिकामी राहिली. कुणीतरी जुन्या बांधकामाचा राडारोडा आणून ओतला, त्यानंतर सगळ्यांचाच हात मोकळा झाला. आम्ही गेलो की वेड्या बाभळी, पिशव्या आणि लोळणारी डुकरं बघून परत यायचो.

एक दिवस महापालिकेची नोटीस आली. मोकळ्या जागेत कचरा साठवल्यामुळे आरोग्यास धोका निर्माण झाला आहे, मुदतीत जागा साफ करावी, नाहीतर दंड. मी वाचून दाखवली.

"साटवला म्हंजे?" आईनं विचारलं. "आपुन कुटं साटवला गं?"

आम्ही झोन ऑफिसला गेलो. आरोग्य निरीक्षक तरुण होता, बोलायला नीट होता. म्हणाला, "आजी, टाकणारा सापडला तर त्याला दंड करतो. सापडत नाही तोवर मालकच जबाबदार. माझ्या हातात नाही ते."

"मग मी धरून देते की," आई म्हणाली.

जेसीबी लावून जागा साफ करून घेतली. किती तरी वर्षांनी तिथली माती दिसली. आई चप्पल काढून त्या मातीवरनं फिरली. स्वयंपाकघर कुठं, देवघर कुठं, वडिलांनी तिला सांगितलेलं सगळं तिनं मला हात करून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी रिक्षानं तिथं जाऊन बसू लागली. कुणी पिशवी घेऊन आलं की उठून उभी राहायची. भांडायची नाही. "हितं आमचं घर व्हायचंय," एवढंच म्हणायची. लोक वरमून पिशवी परत न्यायचे.

समोरच्या घरातली सून पोटुशी होती. तिनंच पहिल्यांदा हाक मारली, "मावशी, उन्हात कशाला बसता? आमच्या फाटकाशी सावलीत बसा." खुर्ची दिली. मग रोज चहा द्यायला लागली. आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले, बाळासाठी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं. संध्याकाळी घरी आली की माझ्याशी तिच्याबद्दलच बोलायची. मुलगा झाला तेव्हा आई इतकी खूश होती की मला वाटलं, घर नाही झालं तरी चालेल, हे असंच चालू राहावं.

बारशाला आम्ही दोघी गेलो. आईनं पाळण्याची दोरी धरली, पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. प्लॉटच्या मधोमध कालच्या पत्रावळ्या, भात, कागदी पेले आणि कोमेजलेल्या फुलांच्या माळा पडल्या होत्या. आई काही बोलायच्या आत फेरीवर निघालेल्या निरीक्षकाची मोटारसायकल आली, मागं सफाई कामगार. कामगारानं काठीनं ढीग उकरला आणि आतून बारशाचा फाटका फ्लेक्स ओढून काढला. त्यावर बाळाचं नाव होतं, आईबापाचंही. निरीक्षकानं समोरच्या घराकडं बघितलं आणि पावतीबुक काढलं. फाटकात सून बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती.

"साहेब," आई म्हणाली, "ते आमचं हाय."

"आजी, यावर नावं दुसऱ्यांची आहेत."

"व्हय. माज्या नातवाचंच बारसं व्हतं. जागा आमची, कचरा आमचा. पावती माज्या नावानं करा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघत होते. त्याला सगळं कळलं असावं. मग त्यानं आईच्या नावानं पावती लिहिली.

आई पदर खोचून पत्रावळ्या गोळा करू लागली. मी पुढं झाले, कामगारही आला. मान वर केली तेव्हा फाटक बंद झालेलं होतं. आई काम संपल्यावरही तिथं थांबली. रागावली नव्हती. सून बाहेर येईल, काहीतरी बोलेल, असं तिला वाटत असावं. कुणी आलं नाही.

पुढं आठवडाभर आई जात राहिली. फाटकाशी खुर्ची नव्हती. दार लावलेलं असायचं. एका दुपारी ती निघालीच नाही. मी का म्हणून विचारलं.

"लाजती ती," आई म्हणाली. "मी तितं बसले की तिला भाईर निघता येत न्हाई. लेकराला सकाळ-दुपारचं जरा ऊन दाखवायला लागतं. मी कशाला आडवं यायचं?"

राखण थांबली आणि पावसाळा संपायच्या आत प्लॉट होता तसा भरला. दुसरी नोटीस आली. या वेळी आईनं ती वाचूनही घेतली नाही. "विकून टाक," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

खरेदीखताच्या दिवशी, राजीखुशीनं विकताय का, असं नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा ती हो म्हणाली. सही केली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "त्यांनी लई हौसेनं घेतला व्हता गं."

नंतर प्लॉटचं नाव तिनं कधी काढलं नाही. कधीतरी मध्येच, पोळ्या लाटताना वगैरे, म्हणायची, "लेकरू बसाया लागलं आसंल आता." काही महिन्यांनी, "आता चालत आसंल." मी हो म्हणायचे. मी त्या रस्त्यानं जायचेच नाही, त्यामुळं मला काही ठाऊक नव्हतं.