चिकट न होणारे जिवाणू आणि संभाजीनगरचे तीन दिवस

पुढच्या शुक्रवारपर्यंत जिवाणू चिकट झाले नाहीत, तर माझं दोन वर्षांचं काम बंद! गाईड मॅडमनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की त्याचा अर्थ मला पुणे–संभाजीनगर एसटीत बसल्यावर कळला.

प्रकरण असं. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू अंगाबाहेर साखरेच्या लांब साखळ्या सोडतात. त्यांचा बुळबुळीत थर होतो. त्याच्या जोरावर ते मुळाला धरून राहतात आणि कोरड्या मातीतही तग धरतात. माझे जिवाणू धडाधड वाढत होते, पण थराचा पत्ता नाही. जिवाणूंचा वाणच बिघडला असं धरून मी वैजापूरकडच्या शेतातून नव्या गाठी आणायला निघाले होते.

पाच-साडेपाच तासांत संभाजीनगर. उतरल्यावर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका, दोनशे रुपयांच्या आत पोट तुडुंब! मुक्काम गारखेड्यात, मॅडमच्या ओळखीच्या रझियाआपांकडे. जिवाणू खताच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं जिवाणूंचं खाणं शिजवून त्या निवृत्त झाल्यात.

शनिवारी आपाही वैजापूरला आल्या. एसटीनं दीड-दोन तास, खिडकीबाहेर कापूस आणि कांदा. उपटलेल्या हरभऱ्याच्या मुळांवर गुलबट गाठी दिसल्या आणि मी शेतातच टाळ्या पिटल्या. शेताच्या मालकीण कुसुमताई म्हणाल्या, "गाठी बघून नाचणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं बाई!"

बांधावर भाकरी-ठेचा खाताना आपांनी सहज विचारलं, "बेटा, खाना क्या देती तू उनको?"

मी ऐटीत म्हणाले, "यीस्टचा अर्क. सुरुवातीला वाढ कमी होती ना, म्हणून दुप्पट केला."

आपांनी कपाळावर हात मारला. "हाय अल्ला! अर्कातला नायट्रोजन इतका चारल्यावर ते थर कशाला करतील? नुसते वाढत बसतील. आमच्या इथं नवीन पोरी हीच गलती करायच्या. अर्क कमी कर, साखर भरपूर दे. जरा तंगी होऊ दे, मग बघ."

"कपाशीचं बी तसंच हाय," कुसुमताई म्हणाल्या. "लई युरिया टाकला की पाला माजतो, बोंडं नाय."

मला जाम लाज वाटली. कारण हे मी वाचलेलं होतं! नायट्रोजन कमी पडला आणि साखर उरली की पेशीला ते कळतं, थर बनवणाऱ्या जनुकांवरचा ब्रेक सुटतो. संशोधनाच्या पेपरात त्या ओळीवर पिवळी रेघसुद्धा मारली होती. पण जिवाणू हळू वाढताना दिसले की माझा जीव तुटायचा, आणि चमचा आपोआप अर्काच्या डब्यात जायचा.

रविवारी दुपारी परत निघाले आणि थेट प्रयोगशाळा गाठली. नव्या गाठींतल्या जिवाणूंबरोबर जुन्यांनाही आपांच्या मापाचं खाणं दिलं.

शुक्रवारी जिवाणू वाढवायच्या काचेच्या ताटल्या उघडल्या. वाढ थोडी, पण प्रत्येक ठिपका चकचकीत, फुगलेला. सुई टेकवून उचलली तर बोटभर तार आली! मी ओरडलेच.

"वैजापूरचे नवे का गं?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, आपलेच जुने."

"मग काम चालू. आता रडतेस कशाला?"

काय सांगणार? 'बिघडले' म्हणून वर्षभरात मी ज्या ज्या ताटल्या उकळून फेकून दिल्या होत्या, त्यातलं कुणीच बिघडलेलं नव्हतं.