बुरुजातल्या सुनेची ओटी

आमच्या गावच्या गढीचा आता एकच बुरूज उभा आहे. बांधताना तो सारखा ढासळायचा, म्हणून गढीवाल्यांनी आपली गरोदर सून त्यात जिवंत चिणली, असं सांगतात. तेव्हापासून ती पोटुशा बायकांवर डूख धरून आहे म्हणे. म्हणून सातव्या महिन्यात अनवाणी वर चढून तिची ओटी भरायची. खरं काय ते मला माहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्या पुस्तकात हे नव्हतं.

पहिल्या खेपेला मीही ओटी भरली होती. तरी आठव्यात मूल गेलं. सासू म्हणाली, हिनं मनापासून भरली नसणार. पुढं कितीतरी दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. शेवटी मलाच वाटायला लागलं, नसेल भरली.

यंदा नातसुनेला सातवा लागला. तिचं बीपी वाढतं. पारनेरच्या डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय. तरी माझ्या सुनेनं खण-नारळ आणून ठेवला.

"जीपनं पायथ्यापर्यंत नेऊ. वर कितीसं हाय?"

"मग तूच चढ की."

"चेष्टा नका करू, आत्या. उद्या काही झालं तर गाव काय म्हणंल?"

"गावाच्या आधी तूच म्हणशील."

नातसून खाटेवरून म्हणाली, "आजी, येते मी जाऊन. हळूहळू चढीन." तिला भुताची भीती नव्हती. आमची होती.

मी खण-नारळाची पिशवी उचलली तशी सून आडवी आली. "तुमच्या हातची कशी चालंल? रांडाव बाया ओटी भरत्यात व्हय?"

"नवऱ्यानं उभं राहून चिणू दिली तिला. तिला कुंकवाचं काय कौतुक?"

दोनदा बसत बसत चढले. दगड तापले होते. बुरुजाच्या भेगेत फुटक्या बांगड्या, कुजके नारळ, अगरबत्तीची पाकिटं. खण-नारळ ठेवला आणि दम खात बसले. मनात आलं, ही सूनच होती. चिणणारे सासरचे. राग धरायचा तर त्यांच्यावर धरील, दुसऱ्यांच्या सुनांनी तिचं काय घोडं मारलं? हा राग आम्हीच तिच्या नावावर खपवला. मीसुद्धा, माझ्या सुनेच्या वेळी.

खाली हापशावर बायका धुणं धुवत होत्या.

"आजी, तुमी भरली?"

"व्हय, मीच. सांगा साऱ्या गावाला."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सांगितलं. सून तेव्हापासून भांडी आपटते आहे. बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत, काय होईल कुणास ठाऊक. वाईट झालंच तर गाव माझं नाव घेईल, त्या पोरीचं नाही. तिला मी सांगितलंय, तू नुसती पडून राहा.