ओटीपी माझ्या नंबरवर

विमानतळावर जायची टॅक्सी खाली उभी होती आणि मी आईवर खेकसत होतो. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा तिसरा मजला. अर्धी गॅलरी मला निरोप द्यायला जमलेली, शेजारच्या सावंतकाकी दही-साखरेची वाटी घेऊन उंबऱ्यात ताटकळत उभ्या, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून विचारत होतो, "हे काय लिहिलंयस?"

कॅलेंडरच्या पानावर, संकष्टीच्या चौकोनाखाली, आईने तिच्या बँकेचा, गॅसचा आणि विजेच्या बिलाचा पासवर्ड लिहून ठेवला होता. चांगल्या ठळक अक्षरात, आल्यागेल्याला चहा पिता पिता वाचता येईल असा. मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. कंपनीचे कॉम्प्युटर चालू ठेवायचे, कोणाला काय उघडता येईल आणि काय नाही ते ठरवायचं, हे माझं काम. ते पान बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ते टरकन फाडलं आणि बारीक तुकडे करून मोरीशेजारच्या डब्यात टाकले. आई म्हणाली, "अरे, मला तेवढंच कळतं. ते तरी ठेव."

मी म्हटलं, "तुला कळायची गरजच नाही. मी बघतो सगळं."

मग पलंगावर बसून वीस मिनिटांत मी तिची सगळी खाती माझ्या मोबाइल नंबरवर वळवली. ओटीपी माझ्याकडे येणार, पासवर्ड माझ्याकडे असणार, तिने फक्त फोन करून सांगायचं. गॅलरीतले लोक कौतुकाने बघत होते. दही-साखर मी चपला घालता घालता खाल्ली. आईला वाकून नमस्कार केला की नाही ते आठवत नाही, सगळे पासवर्ड बदलून झाल्याची खातरी दोनदा केली होती ते मात्र आठवतं.

माझ्यासारखे जे देश सोडून गेलात, त्या तुमच्यासाठी हे लिहितोय, आणि रागाने लिहितोय. "मी बघतो सगळं" हे वाक्य तुम्हीही म्हटलेलं आहे. आईबापांचे फोन हातात घेऊन, मान वर न करता म्हटलेलं आहे. आपल्याला वाटतं ही सेवा आहे. निम्मी मस्ती असते ती.

हॅम्बुर्गला पहिल्याच आठवड्यात मी माझ्या आधीच्या माणसाला लालबागच्या नाक्यावर शोभतील अशा शिव्या घातल्या. तो सगळं डोक्यात घेऊन नोकरी सोडून गेला होता. सर्व्हर रूममध्ये केबलींचा नुसता गुंता, एकीवरही चिठ्ठी नाही. कुठली केबल काढली तर काय बंद पडेल ते त्याला आणि देवाला माहीत. तीन महिने मी ते निस्तरत होतो. तिथून मला सवय लागली. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची, एकाच नाही. कशाला हात लावायच्या आधी काय करणार ते लिहायचं, मागाहून लिहू म्हटलं की ते राहतंच. एका वेळी एकच बदल करायचा, दोन केले आणि बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवायचा, आणि त्यातून एकदा सगळं परत उभं करून बघेपर्यंत त्याला बॅकअप म्हणायचंच नाही. लायसन्स संपायच्या वगैरे सगळ्या मुदती कॅलेंडरवर टाकायच्या, तीस दिवस आधीची आठवण, सात दिवस आधीची आठवण. हे सगळं मी चोख करत आलोय. दोनशे सर्व्हर आहेत माझ्याकडे. सात वर्षांत एकाचीही मुदत चुकलेली नाही.

आमची बॉस अँके दर सोमवारी मला एकच प्रश्न विचारायची. तू उद्या आला नाहीस तर? पहिल्यांदा मला तो अपमान वाटला होता. तिचं म्हणणं असं, की ज्या गोष्टीची किल्ली एकाच माणसाकडे आहे ती गोष्ट कंपनीची राहत नाही, त्या माणसाची होते. मी माना डोलवायचो आणि वहीत लिहून घ्यायचो.

काय शिकत होतो मी तिथे? आमच्या गॅलरीत कुठल्याच खोलीची किल्ली एकाच माणसाकडे नसायची. आमची दुसरी किल्ली सावंतकाकींच्या खिळ्याला, त्यांची आमच्या खिळ्याला, आणि आमच्याकडे वर आणखी दोन घरांच्या. बाबा पहिल्या पाळीला निघताना किल्ली काकींच्या हातात ठेवून म्हणायचे, "मी गिरणीत अडकलो तर पोरं बाहेर राहायला नकोत." शिकलेला माणूस नव्हता तो. ही अक्कल मला घरात फुकट मिळाली होती, आणि मी ती जर्मनीत जाऊन एका बाईकडून वहीत उतरवून घेत होतो.

मी गेल्यावर दोन वर्षांत चाळ रिकामी झाली. बाबा त्याआधीच गेले होते, खोली आईच्या नावावर झाली होती. आई माहीमला भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि चाळीच्या जागी टॉवर उभा राहायला लागला. गेल्या वर्षी तो तयार झाला. कोणाला कुठल्या मजल्यावर घर, ते सोडतीने ठरणार होतं. पण एक सोय ठेवली होती. ज्यांना एकमेकांशेजारी राहायचंय त्यांनी एकत्र अर्ज करायचा, त्यांना एकाच मजल्यावर घरं मिळतील. आमच्या गॅलरीतल्या सात घरांनी ठरवलं की एकत्रच राहायचं. चाळीस-चाळीस वर्षांचा शेजार होता तो. आईचा अर्ज मी हॅम्बुर्गमधून भरला, नंबर माझाच जुना मुंबईचा दिला, आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. सावंतकाकींच्या सुनेने लिहिलं, "दादा असताना काय टेन्शन!"

शेवटची खातरजमा मात्र मुंबईत पुनर्विकासाच्या ऑफिसात स्वतः जाऊन करायची होती. प्रत्येकाने काउंटरवर उभं राहायचं, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येणार, तो सांगायचा. संध्याकाळी पाचपर्यंत. सातही घरांचं झालं तरच गट धरणार.

त्या दिवशी मी सर्व्हर रूममध्ये होतो. अँकेने परीक्षा ठेवली होती. माझ्या दोन सहकाऱ्यांनी फक्त माझ्या टिपणांवरून एक बंद पाडलेला सर्व्हर परत उभा करायचा, मी कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. फोन बाहेर लॉकरमध्ये. त्यांनी तो चार तासांत उभा केला. अँकेने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. दीड वाजता मी केकचा तुकडा हातात घेऊन लॉकर उघडला तर आईचे अकरा कॉल.

मुंबईत तेव्हा पाच वाजले होते.

मी फोन लावला. आई दुपारी एकपासून काउंटरवर उभी होती. काउंटरवरची बाई आईला चांगली ओळखत होती, नावाने हाक मारत होती. आईकडे आधार होतं, रेशनकार्ड होतं, भाड्याच्या पावत्यांची पिशवी होती, आणि ती स्वतः अख्खी तिथे होती. पण ओटीपी नव्हता. मी म्हटलं, "थांब, आत्ता बघतो." आणि बोलता बोलता मला आठवलं की मुंबईचं सिम टेबलाच्या खणात पडलंय आणि मी ते कित्येक महिन्यांत रिचार्जच केलेलं नाही. ॲप माझ्या फोनवर आधीच उघडी असायची, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. तो नंबर बंद झाला होता. मी पहिल्या मिनिटाला फोन उचलला असता तरी काही उपयोग नव्हता. दोनशे सर्व्हरांच्या मुदती सांभाळणाऱ्या माणसाने त्या एका सिमची मुदत कुठेही लिहिली नव्हती.

आई मराठी शाळेत शिकलेली, बोलते शुद्ध. मालवणी तिच्या तोंडून फक्त राग अनावर झाला की बाहेर येते. "घर माझा, नाव माझा, अंगठो माझो," ती म्हणाली. "आणि इचारूचा कोणाक? तर तुका!"

सावंतकाकी पावणेपाचपर्यंत हटून बसल्या होत्या. हिच्याशिवाय आम्ही सही करणार नाही म्हणाल्या. शेवटी आईनेच त्यांना सांगितलं, "तुम्ही करा. माझ्यापायी सहा घरं नकोत अडायला." ऑफिसवाल्यांनी आईला वगळून बाकीच्या सहांचा गट धरला, एवढीच काय ती माणुसकी. त्या सहा घरांना सातवा मजला मिळाला. आईचं नाव मागाहूनच्या सोडतीत आलं. एकोणिसावा.

त्या ऑफिसाचा मला राग आहेच. समोर उभी असलेली बाई खरी नाही आणि हजारो मैलांवरच्या फोनमधले सहा आकडे खरे, हा कुठला न्याय? पण सगळं खापर तिकडे फोडून मोकळं होता येत नाही. तिच्या सगळ्या आयुष्याला मीच कुलूप घातलं होतं. तिने फोन करायचा, मी वेळ मिळेल तेव्हा उघडायचं. सात वर्षं ती गॅसचा नंबर लावायचा तरी मला विचारत होती आणि मला ते प्रेम वाटत होतं.

सहा महिन्यांपूर्वी मी दोन आठवड्यांसाठी मुंबईला आईच्या नव्या घरी गेलो. गेटवरच्या माणसाने नाव, फ्लॅट, कोणाकडे, सगळं विचारलं आणि वर फोन लावला. "मॅडम, आपका बेटा बोल रहा है. छोडू क्या?" मी बॅगा घेऊन उन्हात उभा. तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण जरा वेळाने आलं.

घर छान आहे. खिडकीतून करी रोडचे नवे टॉवर दिसतात, माणूस दिसत नाही. आईने तोपर्यंत सगळं बदललं होतं. स्वतःच्या नावावर नवा नंबर घेतला होता. सावंतकाकींच्या सुनेला बरोबर घेऊन एकेका ऑफिसात गेली, रांगेत उभी राहिली आणि माझा नंबर सगळीकडून काढून टाकला. पासवर्ड वहीत लिहिलेत, एक वही तिच्याकडे, दुसरी खाली सातव्यावर. कोणाकडे ते मला सांगितलं नाही. कंपनीत मी एवढ्या वर्षांत बसवली ती शिस्त तिने महिन्याभरात बसवली होती.

चार वाजले की ती पदर नीट करते आणि लिफ्टने सातव्यावर जाते. मी आलोय म्हणून त्यात खंड पडला नाही. "चहा करून घे, दूध फ्रिजमध्ये आहे," असं सांगून रोज गेली. सातला परत. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी राग आला. लिफ्टचं दार बंद होताना एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती थकली होती. जिथे पूर्वी तिला दार ओलांडलं की पुरायचं, तिथे आता बारा मजले उतरावे लागतात, आणि ते माझ्यामुळे.

परत निघायच्या दिवशी मी म्हटलं, "आई, फोन दे जरा. अपडेट करून ठेवतो. आणि माझा नंबर नुसता दुसरा म्हणून टाकू का? तुझाच पहिला राहील. अडीअडचणीला."

तिने फोन उचलला आणि पदराखाली कमरेला खोचला.

"नको," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. "अडलं तर विचारीन."

आता हॅम्बुर्गला सर्व्हर रूममध्ये जाताना मी फोन लॉकरमध्ये ठेवत नाही. अँकेशी भांडून परवानगी घेतली. रिंगचा आवाज पूर्ण मोठा असतो, लोक वैतागतात. एकोणिसाव्या मजल्यावरून फोन येतो, नाही असं नाही. जेवलास का, थंडी किती, सावंतकाकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी शेवटपर्यंत वाट बघतो, मग ती ठेवते.

सहा महिने झाले. तिचं काहीही अडलेलं नाही.