काकींनी न दिलेली घोषणा

घोषणाकाकींना कधी माईक लागला नाही. घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर, नळापाशी उभ्या राहून त्यांनी हाक मारली की खाली रिक्षा स्टँडवरचे लोक माना वर करून बघायचे. मूळ नाव सुलोचना, गाव देवगडकडचं. नवऱ्याची गिरणी बंद पडली, पुढे नवराही गेला. काकींकडे उरला एक मुलगा, प्रकाश, आणि हा आवाज. पक्षाने तो आवाज हेरला. साहेबांची सभा असो की मोर्चा, पहिली घोषणा काकींची. त्यांच्यामागे टेकडीवरच्या सगळ्या बायका. सुलोचना हे नाव मग फक्त रेशनकार्डावर राहिलं.

साहेब म्हणजे आमचे आमदार. ते थकले तेव्हा खुर्ची त्यांच्या मुलाकडे, धाकट्या साहेबांकडे गेली. टेकडीवरून पायथ्याच्या टॉवरमधलं त्यांचं घर दिसायचं. ते येणार असले की सकाळीच पायऱ्या झाडल्या जायच्या, गटाराच्या कडेने पांढरी पावडर पडायची, महिनोन्‌महिने बंद असलेले दिवे लागायचे. काकी म्हणायच्या, "साहेबांनी रोज येवक व्हया गो. काय करूक नको, नुसता येवन जावचा. झाडलोट तरी होतली!"

थट्टा करायच्या, पण निष्ठा पक्की होती. प्रकाशला धाकट्या साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लावला होता. वेळेवर पगार, दिवाळीला कपडे. त्या उपकाराची जाणीव काकी कधी विसरल्या नाहीत.

आमच्या घरांच्या वर टेकडी उभी कापलेली होती. पावसाळ्यात तिथून माती आणि दगड सुटायचे. जोराचा पाऊस लागला की माझी आई भांडी-कपडे बांधून दाराशी बसायची. तिथे संरक्षक भिंत हवी, ही मागणी मी शाळेत असल्यापासूनची. थोरल्या साहेबांनी भिंतीचं भूमिपूजन केलं. नारळ फुटला, पेढे वाटले, भिंत काही आली नाही. पुढच्या निवडणुकीआधी धाकट्या साहेबांनी त्याच जागी पुन्हा नारळ फोडला. दोन्ही वेळा घोषणा काकींच्याच होत्या.

मग एका संक्रांतीला धाकट्या साहेबांच्या पत्नीने टॉवरसमोरच्या नव्या उद्यानात हळदीकुंकू ठेवलं. बायका जमवायचं काम अर्थातच काकींचं. मीही गेले होते. उद्यानाभोवती दगडी भिंत होती, तिच्यावर मोर आणि कमळं रंगवलेली. काकी तिच्याकडे बघत राहिल्या. पालिकेचा एक इंजिनीअर तिथे पाहुणा म्हणून आला होता. काकींनी त्याला सरळ विचारलं, "आमची भिंत खय अडली, साहेब?"

तो बिचारा भला माणूस. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "काकी, टेकडीचा निधी यंदा सुशोभीकरणाला वळवलाय."

काकींनी वाण पिशवीत ठेवलं. टेकडी चढताना एकदाच बोलल्या, "भिंत झाली गो बाय. पण जिथे माती कोसळत नाय तिथे."

निवडणूक पुन्हा आली आणि तिसरं भूमिपूजन ठरलं. मांडव, खुर्च्या, कॅमेरे. धाकटे साहेब नारळ हातात घेऊन उभे राहिले. आता घोषणा व्हायची. सगळ्यांनी काकींकडे पाहिलं. काकी गप्प. कार्यकर्त्याने कोपराने खूण केली, तरी गप्प. त्यांच्यामागच्या बायकांनाही काय करावं कळेना, म्हणून त्याही गप्प. एवढ्या गर्दीत खालच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येऊ लागले.

"काय झालं काकी?" साहेबांनी हसत विचारलं. "आज आवाज बसला का?"

"आवाज बरो आसा," काकी म्हणाल्या. "साहेब, या जमिनीन दोन नारळ खाल्ले. तिचा पोट भरला. आता भिंत घाला. मी स्वतः येवन घोषणा देतंय."

कोणीतरी मोबाइलवर हे टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या घाटकोपरात फिरलं. दुसऱ्या दिवशी प्रकाशकडून गाडीची चावी काढून घेतली. तो घरी आला तेव्हा मी काकींकडेच होते.

"माझं काय होईल याचा विचार केलास का तू?" तो ओरडला. "पोरीची फी कोण भरणार? तुझी भिंत?"

"पोरगी त्या कड्याखाली झोपता रे," काकी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

प्रकाशने त्याच आठवड्यात बायकोमुलीला घेऊन बोरीवलीला, सासुरवाडीजवळ खोली घेतली. आईशी बोलणं बंद. काकींनी त्याला अडवलं नाही. पण संध्याकाळी भाकऱ्या करायला बसल्या की जास्तीच्या थापल्या जायच्या, आणि मग ताट झाकून त्या आमच्याकडे आणून द्यायच्या.

त्यानंतर दर सोमवारी वॉर्ड ऑफिस. आठ-दहा बायका, कधी मीही ऑफिसला दांडी मारून. विरोधी पक्षाचे लोक शाल घेऊन आले तेव्हा काकी म्हणाल्या, "शाल नको. उकडता." ऑफिसातल्या अधिकाऱ्याने आधी टाळलं, मग वैतागला, शेवटी आम्ही दिसलो की स्वतःच खुर्च्या मांडायला लागला. निवडणूक झाली, धाकटे साहेब थोडक्यात निवडून आले, आणि त्या थोडक्याने त्यांना जाग आणली असावी. उन्हाळ्यात काम सुरू झालं. भिंत उभी राहिली आणि तिच्यापेक्षा मोठा साहेबांचा बॅनरही. आम्ही चिडलो. काकींनी समजूत घातली, "लावूंदे गो. बॅनर वाऱ्यान फाटतलो, भिंत ऱ्हवतली." आणि शब्द दिला होता म्हणून उद्घाटनाला त्यांनी घोषणा दिलीही, अगदी खणखणीत.

पुढच्याच पावसाळ्यात, एका सकाळी मी अंधेरीला ऑफिसात असताना शेजारणीचा फोन आला. "वरून डोंगर आला गं!" एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. मी घाटकोपरपर्यंत कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. वर पोचले तर भिंतीच्या मागे तिच्या काठापर्यंत चिखल आणि दगड साचलेले, एक मोडलेलं झाड आडवं झालेलं. भिंतीला एका कोपऱ्यात तडा होता. अलीकडे सगळी घरं जिथल्या तिथे. आई स्टोव्हवर चहा करत होती. मला बघून म्हणाली, "भिजलीस किती!" मी तिथेच ओट्याला टेकून रडले.

थोड्या वेळाने प्रकाश आला. बोरीवलीहून बाइकवर, धापा टाकत, डोक्यावर हेल्मेट तसंच. काकी दारात उभ्या होत्या. तो समोर येऊन थांबला.

"इलस?" काकी म्हणाल्या. "हेल्मेट काढ आधी. तोंड दिसूंदे तुझा."

त्याने हेल्मेट काढलं आणि लहान पोरासारखं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. काकींनी त्याचे केस पदराने पुसले आणि विचारलं, "जेवलंस?"

पुढे त्या प्रकाशकडेच राहायला गेल्या. तो तोवर शाळेची बस चालवू लागला होता. गेल्या वर्षी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्याआधी गणपतीत टेकडीवर एक चक्कर मारून गेल्या होत्या. भिंतीवर पोरांनी कोळशाने स्टंप काढले होते आणि क्रिकेट चाललं होतं. काकी दिसताच पोरं बॅट लपवून उभी राहिली.

"खेळा रे," काकी म्हणाल्या. "जोरात मारा. हलूची नाय ती."

आणि सावलीत बसून त्यांनी अख्खी मॅच बघितली.